गंगाथडीचे तीन दिवस

गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही. गंगाच म्हणतात. गंगेच्या अलीकडं आमचा जालना जिल्हा, पलीकडं बीड. माझं गाव अंबड तालुक्यात, गंगेपासून थोडं आत. आक्का दिली पलीकडं, गेवराई तालुक्यात. तिचं गाव अगदी काठावर.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आक्काकडं राहायला जायचो. तेव्हा पैठणचं धरण पुरं व्हायचं होतं. गंगेत गुडघाभर धार आणि दोन्ही अंगांना नुसती वाळू. त्या वाळूत टरबुजाच्या वाड्या. चपला हातात घेऊन पलीकडं जायचं. दाजी वाडीवर राखणीला असायचे. ते बुक्की मारून टरबूज फोडायचे अन् मधला गर मला द्यायचे. त्याहून मोठी चैन मी पुढं कधी केली नाही.

१९७६ साली जायकवाडीचं लोकार्पण झालं. हळूहळू उन्हाळ्यातली धार आटली, वाड्या गेल्या. पुढं खाली जोगलादेवी, मंगरूळला बंधारे झाले. आता पाणी दिसतं, पण वाळू हायवात भरून गेली.

माझंही जाणं तसंच आटलं. त्याचं कारण मात्र गंगा नव्हती.

वडील २००७ साली गेले. आई आधीच गेलेली. त्याच्या दोन वर्षं आधी, २००५ ला, कायद्यानं लेकींना वडिलोपार्जित जमिनीत लेकांइतका हक्क दिला होता. आम्हाला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कागदाची घाई. सहा एकर जमीन, वारस दोघं. हक्कसोडपत्रावर आक्कानं एवढंच विचारलं, “कुठं करू सही?” बाहेर आल्यावर मी तिला उसाचा रस पाजला. तीन एकराचा एक गिलास.

तेव्हापासून मी दर भाऊबीजेला जायचो, ओवाळून घ्यायचो, ताटात लुगडं टाकायचो, चहा प्यायचो आन् दिवस मावळायच्या आत शहागडचा पूल ओलांडून अलीकडं यायचो. आक्का म्हणायची, “राहा की रं बापू.” मी म्हणायचो, “कापसाची येचणी चालू हाय.” २०१२ च्या दुष्काळात माझी मोसंबीची बाग वाळली. झाडांना मीच कुऱ्हाड लावली. तेव्हा दाजी टेम्पोतून दोन पोती ज्वारी घेऊन आले. म्हणाले, “तुमच्या आक्कानं धाडली.” वाटा सोडला तिनं, आन् खायला ज्वारीही तिनंच दिली.

गेल्या साली दाजी वारले. यंदाच्या भाऊबीजेला मी पिशवीत कपड्यांचे दोन जोड टाकले. वेचणी पोरावर सोडली.

तीन दिवस काहीच केलं नाही. सकाळी काठावर बसायचं. भोई थर्माकोलच्या चप्पूवर जाळं टाकायचे, बगळे त्यांच्या मागं मागं. आक्का चुलीवर बाजरीची भाकरी टाकायची, गंगाथडीच्या वांग्याचं भरीत करायची. दुपारी लिंबाखाली झोप. शेजारची घरं कुलपात, माणसं ऊसतोडीला निघून गेलेली. रात्री इतकं शांत, की पाण्यात मासा उसळला तरी ऐकू यायचं. नातू पुण्याहून फोनवर म्हणाला, “आबा, तुम्ही सुट्टीवर?” आक्का हसली. म्हणाली, “सांग त्याला, व्हय म्हणून.”

दुसऱ्या रात्री मला राहवलं नाही. म्हणालो, “आक्का, तो कागद...”

ती भांडी घाशीत होती. वर न बघता म्हणाली, “जमीन सोडली मी. माहेर कुठं सोडलं व्हतं? तूच यायचा बंद झालास.”

“येत होतो की दरसाल.”

“चहा प्यायला. त्याला येणं म्हणत्यात व्हय?”

मी म्हणालो, एक एकर तुझ्या नावावर करतो. तिनं ताट धुऊन पालथं घातलं. “मला आता काय करायचीय? पर तू म्हणालास, ते बरं वाटलं. झोप आता.”

म्हणजे तिनं नको म्हटलं. पण त्या ‘नको’ची आड धरून मी सतरा-अठरा वर्षं काढली, हेही खरंच. तिनं मागितलं नाही म्हणून द्यायचं राहिलं. आमच्याकडं घरोघरी असंच राहिलंय.

तिसऱ्या दिवशी निघताना तिनं पिशवीत वांगी आन् तिळाची चटणी घातली. पुलावर बस आली तेव्हा मी खिडकीतून खाली बघितलं. पाणी थोपलेलं. वाळूचा मागमूस नाही.

घरी येऊन जेवताना पोराला सांगितलं, “आत्याच्या नावावर एक एकर करायचं माझ्या मनात आहे.” तो गप्पच राहिला. ताटात बघत होता. त्याच्या जागी २००७ साली मी होतो, म्हणून मला राग आला नाही. एवढंच म्हणालो, “पुढल्या भाऊबीजेला तूबी चल. राहायला.”

त्यानं भरीत अजून थोडं मागून घेतलं.