पाणथरी

पोटच्या पोराला काळजाचा तुकडा म्हणतात, रागाने पित्त खवळतं, मायेने आतडं तुटतं. पाणथरीच्या वाट्याला मात्र मराठीत एक साधा वाक्प्रचारसुद्धा आलेला नाही. पुस्तकातलं तिचं नाव प्लीहा. संस्कृतातली प्लीहन् आणि ग्रीकांची स्प्लेन या भाषेच्या नात्याने बहिणी. इंग्रजांनी निदान आपली चिडचिड तिच्या नावावर मांडली; आपण तेवढंही केलं नाही. आमच्या गावाकडे तिचं नाव निघायचं ते ती बिघडल्यावरच. ‘पोराला पाणथरी झालीय’ म्हणायचे, जणू आधी ती त्याच्या पोटात नव्हतीच.

छत्रपती संभाजीनगरात तिला आणखी एक नाव आहे, तिल्ली. मटणाच्या दुकानात कलेजी-गुर्द्याच्या शेजारी पडलेली असते; जांभळट, लांबट, जिभेसारखी. ‘मॅडम, तिल्ली ले जाओ, खून बढता,’ असं दुकानदार दर रविवारी सांगतो. मी कॉलेजात प्रतिकारशक्तीचं शास्त्र शिकवते हे त्याला ठाऊक नाही आणि त्याचं काही चुकतही नाही. तिल्लीत लोह भरपूर असतं. ते तिथे येतं कुठून, एवढाच काय तो त्याच्या आणि माझ्या ज्ञानातला फरक.

पाणथरीबाईंचा मुक्काम डाव्या कुशीत, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड. वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, आकार मुठीएवढा, रंग पिकल्या जांभळाचा. तब्येत ठीक असेल तर सहसा हाताला लागत नाहीत. तपासणाऱ्याच्या बोटांना लागल्या की त्याच्या कपाळावर आठी पडते.

काम म्हणाल तर निवडण-टिपण. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात पाणथरीच्या दारातून तिच्या असंख्य खेपा होतात. पेशी सात-आठ मायक्रॉन रुंद आणि दाराची फट जेमतेम एक-दोन मायक्रॉनची. तरणी पेशी अंग चोरून, लवून पलीकडे जाते. वय होऊन ताठ झालेली अडकते आणि तिथेच बसलेल्या भक्षक पेशी तिला गिळतात. तिच्यातलं लोह वाया जात नाही. ते नव्या पेशी घडवायला पुन्हा अस्थिमज्जेकडे रवाना होतं. (दुकानदाराच्या तिल्लीतलं लोह ते हेच.) मला सगळ्यांत नवल वाटतं ते वेगळ्याच कामाचं. एखाद्या तांबड्या पेशीत जुन्या केंद्रकाचा कण चुकून राहिलेला असतो. पाणथरी त्यासाठी पेशी मोडत नाही; तेवढा कण खुडून घेते आणि पेशीला पुढे सोडते. सुपात तांदूळ घेऊन बसलेली बाई खडा उचलून मागे टाकते, तसं.

वर्गात हे समजावताना मी पोरांना शहरातले बंबे दाखवते. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी, म्हणजे आमचं हेच शहर, वसवली आणि पुढे हर्सूलच्या बाजूने खापरी नळांतून पाणी आणलं. त्या नहरीच्या वाटेवर चुन्या-विटांचे मनोरे आहेत, तेच बंबे. पाणी त्यांत चढायचं, नळात कोंडलेली हवा सुटायची, गाळ तळाशी बसायचा आणि नितळ पाणी पुढच्या मोहल्ल्याकडे जायचं. आज त्यांतल्या कित्येकांवर पोस्टरं चिकटवलेली दिसतात. पोरं हसतात, पण पेपरात उत्तर बरोबर लिहितात.

बाईंचा इतिहास मात्र हसण्यासारखा नाही. हिवतापात पाणथरी फुगते. कधी बेंबीच्याही खाली उतरते. 1847 मध्ये डेम्पस्टर नावाच्या कंपनीच्या डॉक्टरने उत्तरेत, कालव्यांच्या काठच्या गावांत माणसांची पोटं चाचपली आणि किती जणांची पाणथरी हाताला लागते यावरून त्या गावात ताप किती मुरलाय ते ठरवलं. डासाचा गुन्हा सिद्ध व्हायला अजून पन्नास वर्षं होती. त्याचा पहिला ठोस पुरावा 1897 मध्ये रोनाल्ड रॉसला सापडला तो सिकंदराबादेत, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच निजामी मुलखात.

फुगलेली पाणथरी नाजूक असते, लहानशा माराने फुटते. साहेबाच्या कोर्टात हे ज्ञान फार उपयोगी पडलं. आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने चर्चला निघताना गाडीपाशी हजर नव्हता म्हणून कटवारू या आपल्या मोतद्दाराला मारलं. कटवारू मेला. पाणथरी आधीच वाढलेली होती, ती फुटली, असं ठरलं आणि फुलरला दंड झाला 30 रुपये. 1876 मध्ये व्हाइसरॉय लिटनने या निकालावर ताशेरे ओढले, तर गोऱ्यांची वर्तमानपत्रं लिटनवरच तुटून पडली. अशी प्रकरणं पुढेही होत राहिली. मारणारा सुटायचा आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहायची मेलेल्याची पाणथरी.

माझी तिची ओळख पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत झाली, उंदराच्या पोटातून. उंदराची पाणथरी जेमतेम शंभर मिलिग्रॅमची असते, गडद लाल, सालीसकट भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लांबोडकी. ती बारीक जाळीवर ठेवायची आणि सिरिंजच्या दट्ट्याने हलक्या हाताने रगडायची. खाली लाल ढग उतरतो. जाळीवर उरतं ते पांढरं चिंधीसारखं आवरण. मग अमोनियम क्लोराइडने तांबड्या पेशी फोडायच्या, नळी गरगर फिरवायची आणि तळाशी फिकट पांढरा ठिपका बसतो. त्या ठिपक्यात जवळजवळ दहा कोटी पेशी. पहिल्यांदा ते केलं तेव्हा माझा हात थरथरला होता. उंदरासाठी की बाईंसाठी, ते आता सांगता येणार नाही. जी जन्मभर रक्त गाळते तिलाच आम्ही गाळून घेत होतो.

प्रतिकारशास्त्राची अर्धी हयात या ठिपक्यावर गेलेली आहे. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी उंदराच्या पाणथरीतल्या पेशीचा कर्कपेशीशी संयोग घडवला आणि एकाच साच्याची प्रतिपिंडं हवी तेवढी मिळू लागली. गरोदरपणाच्या पट्टीपासून कर्करोगाच्या इंजेक्शनांपर्यंत त्यांचाच कारभार. पुण्यात वैद्यक शिकलेले विनीता बाळ आणि सत्यजित रथ दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत वर्षानुवर्षं टी आणि बी पेशींच्या मागे होते. नंतर ते पुण्याच्या आयसरमध्ये आले. या पेशींचा अभ्यास करायचा तर पाणथरीचं दार वाजवल्याशिवाय भागत नाही.

पण बाईंचा खरा भक्त म्हणजे राल्फ स्टाइनमन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात झानविल कोन यांच्या हाताखाली तो असाच ढग काचेवर पसरून बघत बसायचा. काचेला चिकटलेल्या पेशींत त्याला काही वेगळ्याच दिसल्या. झाडासारख्या फांद्या फुटलेल्या, त्या फांद्या सतत आत-बाहेर करणाऱ्या. शंभरात जेमतेम एक-दीड. 1973 मध्ये त्याने त्यांना डेंड्रिटिक, म्हणजे वृक्षासारख्या, असं नाव दिलं. परका जंतू पकडून त्याचा तुकडा टी पेशीला दाखवायचा, ‘हा बघ, हा आपला नव्हे’ असं सांगायचं, हे या पेशींचं काम. कित्येक वर्षं फार थोड्यांनी विश्वास ठेवला. बाकीच्यांना वाटे, भक्षक पेशींनाच याने नवं नाव दिलंय. पुढे स्टाइनमनला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्याने याच पेशींवर बेतलेले प्रयोग स्वतःच्या अंगावर करून घेतले. 30 सप्टेंबर 2011 ला तो गेला. 3 ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं. तो गेल्याचं समितीला ठाऊक नव्हतं. मरणोत्तर पुरस्कार न देण्याचा नियम असूनही त्याचं नोबेल कायम ठेवलं गेलं. पाणथरीवर जीव लावणाऱ्याला हे साजेसंच होतं; तिचीही दखल ती नसतानाच घेतली जाते.

फार काळ शल्यविशारद तिला बिनकामाची समजत. फुटली, काढा. मग 1952 मध्ये किंग आणि शुमाकर यांनी पाच तान्ह्या बाळांची हकीकत छापली. पाणथरी काढल्यावर त्यांना भयंकर जंतुसंसर्ग झाले होते. न्यूमोकॉकससारखे काही जंतू अंगावर साखरेचा झगा घालून हिंडतात. भक्षक पेशींच्या हातून ते निसटतात. त्या झग्यावर झटपट प्रतिपिंड काढायची कला मुख्यतः पाणथरीकडे. ती नसली की साधा ताप तासातासाने गंभीर होतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा बीड बायपासवर मोटारसायकलवरून पडला. बरगड्या शाबूत, पण पोटात रक्त. शहरातल्या एका रुग्णालयात त्याची पाणथरी काढली आणि त्याचा जीव वाचला. घरी सोडताना मात्र लशींबद्दल कुणी काही बोललं नाही. महिन्याभराने तो वर्गात आला तेव्हा मीच विचारलं, ‘न्यूमोकॉकसची घेतलीस का?’ त्याने मान हलवली. ‘मॅडम, डॉक्टर म्हणले तिच्याविना काही अडत नाही.’ त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरांकडे पाठवून लशी सुरू करून घेतल्या. ताप आला की थांबायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा, हे त्याच्या आईकडून तीनदा वदवून घेतलं.

प्रात्यक्षिकाला पोरं एकमेकांच्या बोटाला टोचून रक्ताची काच रंगवतात. त्याने स्वतःची काच आणली. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी पेशी पसरलेल्या आणि त्यांतल्या कित्येकींत एकेक गोल, जांभळा ठिपका. निवडायचे राहून गेलेले खडे. सगळा वर्ग रांग लावून बघत होता.

दीड वर्षाने, शेवटच्या सत्रात, त्याने पुन्हा काच आणली. ठिपके होते, पण शोधावे लागत होते. पाणथरी फुटते तेव्हा तिचे कण पोटात विखुरतात आणि त्यांतले काही जिथे पडले तिथेच रुजतात, हे मी त्याला सांगितलं. अशा चिमुकल्या पाणथरींच्या भरवशावर राहायचं नाही, लस चुकवायची नाही, हेही सांगितलं. त्याने नेमकं पहिलं वाक्य तेवढं ऐकलं असावं. डाव्या कुशीवर हात ठेवून तो बराच वेळ त्या काचेत बघत उभा होता.