लॅमिंग्टन रोडवर नवव्या चिपच्या शोधात

मुलांनो, मुंबईला आलात तर पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलने ग्रँट रोड स्टेशनला उतरा आणि पूर्वेकडे बाहेर पडा. थोडं चाललं, की दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं! वायरींची वेटोळी, स्पीकर, कॅमेरे, संगणकाचे सुटे भाग. हाच तो लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून हे नाव पडलं. आता याचं अधिकृत नाव ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असं आहे. पण कुणाला विचाराल तर जुनंच नाव सांगा, पटकन रस्ता सापडेल. रविवारी मात्र येऊ नका हं, बहुतेक दुकानं बंद असतात.

आज आपल्याला हवी आहे घरच्या छोट्या सर्व्हरसाठी जुनी, वापरलेली ‘ईसीसी’ मेमरी. सर्व्हर म्हणजे घरातली कोठीची खोलीच म्हणा ना! आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, स्नेहसंमेलनाचे फोटो, सगळं तिथे ठेवायचं आणि घरातल्या कुठल्याही संगणकावर पाहायचं.

तिथे साठणारी प्रत्येक गोष्ट आधी मेमरीतून जाते, ० आणि १ अशा ‘बिट’च्या रूपात. क्वचित एखादी चिप बिघडते, किंवा अंतराळातल्या किरणांमुळे आलेला कण चिपमध्ये घुसतो आणि एखाद्या ० चा १ होतो. एवढ्याने काय बिघडतं? ऐका तर. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथे निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त मिळाली! बारा वेळा २ घेऊन त्यांचा गुणाकार करा, ४०९६ च येतात. एकच बिट उलटल्याची ती खूण. मतं शक्य होती त्याहून जास्त निघाली, म्हणून चूक पकडली गेली. पण आजीच्या ओवीतली चूक कोण पकडणार? बिघडलेलीच प्रत साठवली जाते आणि पुढे तिचीच नक्कल होत राहते.

ईसीसी मेमरी इथे पहारा देते. दर ६४ बिटांमागे ती ८ बिट तपासणीसाठी जादा ठेवते. एक बिट चुकला तर शोधून दुरुस्त करते, दोन चुकले तर निदान ओरडून सांगते. चुका दुरुस्त करणाऱ्या अशा संकेतांची युक्ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० साली प्रसिद्ध केली.

आता दुकानात शिरू. साध्या रॅमच्या पट्टीवर एका बाजूला बहुधा आठ काळ्या चिप्स असतात (खायच्या नव्हेत!). ईसीसीच्या पट्टीवर नववी दिसते. पण नऊ मोजल्या की काम झालं? छे! ईसीसीतही दोन जाती. ‘रजिस्टर्ड’ पट्टीवर मधोमध आणखी एक चिप असते. वर्गातला मॉनिटर बाईंची सूचना पुढे पोचवतो ना, तशी ती आज्ञा पोचवते. मोठ्या कंपन्या सर्व्हर बदलतात तेव्हा या पट्ट्या ढिगाने बाजारात येतात, म्हणून स्वस्त मिळतात. दुसरी जात ‘अनबफर्ड’. ती कमी सापडते, आणि घरच्या अनेक छोट्या सर्व्हरना नेमकी हीच लागते! २०१३ साली आलेला एचपीचा मायक्रोसर्व्हर जेन-८ घ्या. त्यात डीडीआर-३ जातीच्या, ८ जीबीच्या दोनच पट्ट्या बसतात आणि त्याही अनबफर्डच.

“काका, ‘ई’वाली रॅम आहे?”

“‘आर’वाली ने की बाळा, स्वस्त पडेल. बसेल बरोबर!”

बसेल हे खरंच आहे. दोन्हींना टोकं २४०, खाचही त्याच जागी. पण यंत्र सुरूच होणार नाही! म्हणून पैसे देण्याआधी लेबल वाचायचं. ‘पीसी३-१२८००ई’ यातला ३ म्हणजे डीडीआर-३. सेकंदाला १६०० दशलक्ष वेळा, दर वेळी ८ बाइट, म्हणून १६०० × ८ = १२८००. आणि शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं: ‘ई’ म्हणजे अनबफर्ड ईसीसी, ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘यू’ म्हणजे ईसीसी नाहीच.

माल जुना, तेव्हा सोनेरी टोकांवर ओरखडे किंवा काळे डाग नाहीत ना, ते पाहा. पट्टी कडेने धरा. नाही चालली तर किती दिवसांत बदलून मिळेल, ते बिलावर लिहून घ्या. आणि घरी आल्यावर मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू ठेवा. त्यानंतरच आजीच्या ओव्या तिच्या हवाली करा.

जाता जाता एक कोडं. जुन्या संगणकातल्या पट्टीवर ‘पीसी२-६४००यू’ असं लिहिलं आहे. ती सेकंदाला किती दशलक्ष वेळा माहिती देते? आणि तिच्यावर पहारा देणारी नववी चिप असेल का? सांगा पाहू!