साइडबार: पडद्याच्या कडेची जागा

साइडबार म्हणजे ब्राउझरमध्ये मुख्य पानाच्या कडेला उघडणारी उभी पट्टी. मधले पान बदलले तरी ती जागची हलत नाही. इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये (१९९७) आवडीची पाने आणि इतिहास अशा पट्टीत दिसत. नेटस्केप ६ मध्येही (२०००) ती होती. तेव्हाच्या चौकोनी मॉनिटरवर मात्र तिची अडचणच जास्त. पुढे १३६६ बाय ७६८ पिक्सेलचे रुंद पडदे घरोघरी आले. त्यांच्यावर उंची अपुरी पडते आणि रुंदी उरते. ही उरलेली रुंदी वापरण्याचा सोपा मार्ग म्हणजे साइडबार.

गावच्या सेवा केंद्रात त्याचा उपयोग लगेच कळतो. पालघर जिल्ह्यातल्या माकुणसारचा सातबारा पाहायचा तर महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट किंवा सर्व्हे क्रमांक द्यावा लागतो. खातेदाराच्या हातातल्या जुन्या उताऱ्यावर जिल्हा ठाणे असतो, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. क्रमांक एका टॅबमध्ये, कागदपत्रांची यादी दुसऱ्यात, अर्ज तिसऱ्यात अशी शोधाशोध चालते आणि तेवढ्यात सत्र संपून पुन्हा लॉगिन करावे लागते. विवाल्डी ब्राउझरच्या पट्टीत टिपणे लिहिण्याची सोय आहे. तिथे क्रमांक आणि यादी ठेवली की अर्ज डोळ्यांसमोरून हलत नाही. फायरफॉक्समध्ये कंट्रोल आणि बी दाबल्यावर बुकमार्क, कंट्रोल आणि एच दाबल्यावर इतिहास कडेला उघडतो. बुकमार्क ‘महसूल’, ‘दाखले’, ‘वीजबिल’ अशा फोल्डरांत लावलेले नसतील, तर ती पट्टी म्हणजे नुसती लांबलचक यादी.

कडेच्या पट्टीत एकाखाली एक लागणारे उभे टॅब ही त्याहून मोठी सोय. एजमध्ये ते २०२१ साली आले, फायरफॉक्समध्ये २०२५ साली. आडव्या ओळीत वीस टॅब झाले की फक्त चिन्हे उरतात, आणि सरकारी संकेतस्थळांची चिन्हेही बरीचशी सारखीच! उभ्या यादीत नावे वाचता येतात.

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतले काम निराळे. राज्याबाहेर जाणाऱ्या पन्नास हजारांवरच्या मालासाठी ई-वे बिल लागते आणि त्याच्या भाग ‘ब’मध्ये गाडीचा नंबर भरायचा असतो. तो बहुधा ट्रान्सपोर्टवाल्याकडून व्हॉट्सॲपवर येतो. ऑपेराने २०१७ साली व्हॉट्सॲप थेट साइडबारमध्ये दिले. विवाल्डीत कोणतेही संकेतस्थळ पट्टीत बसवता येते. संदेशातला नंबर पाहतापाहता अर्जात उतरवता येतो, चूकही तिथल्या तिथे दिसते.

पट्टीने तीनशे पिक्सेल घेतले तर मुख्य पानाला १०६६ उरतात. एवढ्यात बहुतेक पाने नीट बसतात. जुन्या, ठरावीक रुंदीच्या पोर्टलवर मात्र आडवे सरकवावे लागते. अशा वेळी पट्टी मिटून घ्यावी. विवाल्डीत त्यासाठी एफ ४ ही कळ आहे. नेहमी लागणाऱ्या दोनतीन गोष्टीच तिथे असाव्यात. बातम्या, खरेदी, हवामान असे ब्राउझरने आपणहून भरलेले बरेच काही बिनदिक्कत काढून टाकण्याजोगे असते.

केंद्राच्या सामाईक संगणकावर व्हॉट्सॲप पट्टीत उघडे ठेवणे बरे नव्हे. समोर बसलेल्याला दुसऱ्याच्या आधारचा फोटो दिसतो. हल्ली पट्टीत येणाऱ्या एआय मदतनिसाला पान वाचायला सांगितले, तर त्यावरचा मजकूर सहसा बाहेरच्या सर्व्हरकडे जातो. सातबारा किंवा बँकेचे पान उघडे असताना तो बंदच ठेवावा. पट्टीत बसणारे एक्स्टेंशन ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ अशी परवानगी मागत असेल, तर ती फक्त लागणाऱ्या संकेतस्थळापुरती द्यावी. क्रोममध्ये एक्स्टेंशनच्या तपशिलात तसा पर्याय मिळतो.