जुन्या वस्तूंचे अंगण

बाग म्हटली की आपल्या मनात प्रशस्त हिरवळ, कारंजे आणि आखीव वाफे उभे राहतात, आणि मग ‘ते आपल्या आवाक्यातले नव्हे’ असे म्हणून आपण विषय सोडून देतो. आपल्या वसईच्या पट्ट्यात एकेकाळी प्रत्येक घराला वाडी होती. आज अनेक कुटुंबांच्या वाट्याला भिंत आणि कुंपण यांमधली चिंचोळी पट्टीच उरली आहे. जागा लहान, खिसाही लहान. परंतु ह्याच काळात आपल्या आसपास जुनी घरे पाडली जात आहेत, आणि त्यांच्या ढिगाऱ्यांत अंगण सजविण्यास पुरेल एवढी सामग्री पडलेली असते. ती ओळखता मात्र आली पाहिजे.

धर्मगुरूंच्या निवासस्थानामागे, स्वयंपाकघराची भिंत आणि विहीर यांच्या दरम्यान, वीस फूट लांब व दहा फूट रुंद असा एक तुकडा ओसाड होता. त्यासाठी दोन हजार रुपयांहून अधिक खर्च करावयाचा नाही, असे मी ठरविले.

प्रारंभ कौलांपासून केला. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे हे लाल कौल पश्चिम किनाऱ्यावरच्या घराघरांवर चढले. आता घरांवर स्लॅब आले आणि कौले रस्त्याच्या कडेला आली. टवका गेलेले कौल छपराला निरुपयोगी. परंतु उभे करून निम्मे मातीत पुरले की वाफ्याला सुंदर कड मिळते. सिमेंट लागत नाही, आणि पावसाचे पाणी सांध्यांतून निघून जाते. फुटक्या तुकड्यांची वाट केली. ती पावसाळ्यात निसरडी होऊ नये म्हणून तुकड्यांची खडबडीत बाजू वर ठेवली.

मोडक्या वस्तूंत झाडे लावताना थोडे ज्ञान हवे. चिनीमातीच्या बरणीला तळाशी भोक नसते. पाणी साचून मुळे कुजतात. भोक पाडता येत नसेल तर बरणीत थेट माती न भरता भोक असलेली लहान कुंडी तिच्या आत ठेवावी, आणि साचलेले पाणी ओतून टाकावे. पत्र्याची बादली उन्हात तापते. आतून नारळाच्या सोडणांचा थर दिला तर मुळे भाजत नाहीत. जुन्या दारे-खिडक्यांच्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ साली अंमलात आला. त्यापूर्वीचे लाकूड खरवडू नये आणि त्यात पालेभाजी लावू नये. पाडलेल्या घराचा चुना मातीत मिसळला तर अनंतासारखे झाड पिवळे पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साचलेले पाणी. डेंग्यूचा डास वाटीभर पाण्यातही वाढतो, व त्याची अंडी कोरड्या भांड्याला चिकटून महिनोन् महिने टिकतात. म्हणून दर आठवड्याला सर्व भांडी उपडी करून घासावीत.

टाकाऊ वस्तूंच्या बागेचा विचार करताना चंदीगडच्या नेकचंद यांचे स्मरण होते. १९४७ च्या फाळणीत गाव सोडून आलेला हा गृहस्थ तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते-निरीक्षक होता. नवे शहर वसविण्यासाठी जुनी गावे पाडण्यात आली होती. त्यांच्या ढिगाऱ्यांतून फुटक्या बांगड्या, कपबश्या, फरशा गोळा करून त्याने १९५७ पासून रानात गुपचूप एक जग उभारले. सरकारला त्याचा पत्ता लागायला जवळजवळ अठरा वर्षे लागली, आणि १९७६ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. ज्याचे गाव हरवले त्याने इतरांच्या हरवलेल्या गावांचे तुकडे जपावेत, ह्यात मला केवळ काटकसर दिसत नाही.

ह्याचा प्रत्यय मला एका जात्याने दिला. आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाचे जुने घर पाडावयाचे होते. मुलगा म्हणाला, “फादर, जुन्या वस्तू घेणारा टेम्पो घेऊन येतोय. ह्या जात्याचे तीन हजार देतो म्हणतो. हॉटेलाच्या दारात बसवणार आहेत.” ओट्यावर बसलेली त्याची आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “फादर, तुम्ही न्या. पैसे नकोत. पण पायरी करू नका, आणि सिमेंटात पुरू नका.”

मुलगा थोडा नाराज झाला, आणि त्याचे म्हणणे अयोग्य होते असे मी म्हणणार नाही. घर बांधणाऱ्याला तीन हजार रुपये परके नसतात. मी त्याला तसे बोलूनही दाखविले, आणि हवे तर विकून टाक म्हटले. तो आईकडे पाहत राहिला. शेवटी त्याने स्वतःच एका बाजूने जाते उचलले.

त्या दोन अटींनी माझ्या बागेचा नियम ठरविला. वस्तू पुन्हा उचलता येईल, आणि शक्य तर वापरताही येईल, अशीच मांडावयाची. जुन्या विटांचा बुटका ओटा करून त्यावर जाते नुसते ठेवले. कुजलेला खुंटा सुताराने नवा बसवून दिला आणि मोबदला घेतला नाही. पावसाचे पाणी साचू नये म्हणून जात्याच्या तोंडावर नारळाची करवंटी पालथी घातली आहे.

पुढे एका रविवारी मिस्सानंतर त्या आजी बाग पाहायला आल्या. ‘हे दगड कशाला?’ असे मुलांनी विचारले. आजींनी आमच्या स्वयंपाकघरातून मूठभर तांदूळ मागविले, जाते पुसून घेतले, आणि खुंट्याला हात घातला. पांढरे पीठ कडेने झरू लागले तेव्हा मुले एकमेकांना ढकलून पुढे आली. प्रत्येकाला एक एक फेरा मिळाला. मुलगाही मागे उभा होता. तो काही बोलला नाही, पण पुढच्या आठवड्यात घरचा पाटा-वरवंटा घेऊन आला व म्हणाला, “हाही ठेवा. घर पूर्ण झाले की बघू.”

खर्चाचा हिशेब सांगितला पाहिजे. टेम्पोचे भाडे ६०० रुपये. भंगारातून वजनावर घेतलेला लोखंडी बाक १४ किलो, ४० रुपये दराने ५६०. गवंड्याची अर्ध्या दिवसाची मजुरी ५००. अनंताचे कलम व काथ्या १९०. एकूण १,८५० रुपये. मोगरा, जास्वंद आणि सोनचाफा शेजाऱ्यांनी दिला. खरे अवघड गेले ते नको म्हणणे. कारण बातमी पसरल्यावर लोक तुटकी खुर्ची व गळकी टाकीही आणू लागले. दहा फुटांच्या अंगणात दहाच वस्तू शोभतात. बाकीच्या आल्या तर ती बाग राहत नाही, भंगाराचे दुकान होते.

नवे घर बांधणे हा आनंदाचा प्रसंग आहे, आणि जुन्याला कवटाळून कोणी बसावे असे नाही. परंतु पाडकाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी घरातील सर्वांत वडील माणसाला एकदा विचारावे, की ह्यातले काय राहू द्यायचे? ते बहुधा फार मागत नाहीत. एखादे जाते, एखादी बरणी. तिला ठेवायला हातभर जागा लागते, आणि सिमेंट तर मुळीच लागत नाही.