हलका ब्रॅकेट आणि हलका कांदा

मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठी गावी जाऊन आलो. गाव म्हणजे पारनेर तालुक्यातलं आमचं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात अजून 'नगर'च येतं, सांभाळून घ्या.

तर झालं असं, की घरात पाऊल टाकलं आणि लगेच लक्षात आलं, बापलेकांचं काहीतरी बिनसलंय. दादा ओट्यावर तंबाखू मळत गप्प. चिरंजीव, म्हणजे माझा पुतण्या, आतल्या खोलीत लॅपटॉपपुढे गप्प. वहिनी दोघांच्या मधे चहा घेऊन येरझाऱ्या घालतायत.

शेवटी दादाच बोलला. "तुझा पुतण्या विमानाचा ब्रॅकेट हलका करतोय म्हणे. अडीच महिने रात्र-रात्र जागला. आणि इथं बापाचा कांदा चाळीत दिवसेंदिवस हलका व्हायलाय, त्याचं कोण बघणार?"

वाक्य इतकं चपखल होतं की हसू आलं. हसलो नाही :)

पुतण्या मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीने एका भागाचं डिझाइन इंटरनेटवर टाकलं होतं: याचं वजन कमी करा, ताकद मात्र तेवढीच राहू द्या. जगभरातून कोणीही डिझाइन पाठवावं. याने पाठवलं. पहिल्या पन्नासातही नंबर लागला नाही. त्यात दादाचं 'फुकटची हमाली' हे पालुपद. पोरगं खरंच खचलं होतं. मला म्हणाला, "काका, तुम्हीच सांगा, हे सगळं वाया गेलं का?"

काय सांगणार? आधी मी त्याला धीर द्यायला लागलो. 2013 साली जीई कंपनीने असंच केलं होतं. जेट इंजिन उचलून धरणारा टायटॅनियमचा एक ब्रॅकेट, मूळ वजन 2033 ग्रॅम. ग्रॅबकॅड नावाच्या ठिकाणी त्याची स्पर्धा लावली. 7 हजार डॉलर पहिलं बक्षीस. सुमारे 700 डिझाइन आली. जिंकला इंडोनेशियातला अरी कुर्नियावान नावाचा तरुण. त्याच्या ब्रॅकेटचं वजन 327 ग्रॅम! म्हणजे 84 टक्के वजन गायब.

दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. 1989 मध्ये अलास्काजवळ एक्सॉन व्हाल्डीझ जहाजातून तेल सांडलं. त्यानंतर तिथे तेलगळतीवर काम करणारी एक संस्था निघाली. तिची अडचण अशी, की तेल आणि पाणी मिळून थंडीत इतकं घट्ट होतं की पंपाने खेचताच येत नाही. 2007 मध्ये त्यांनी हा प्रश्न इनोसेंटिव्हवर सगळ्या जगापुढे टाकला. उत्तर दिलं जॉन डेव्हिस नावाच्या रसायनतज्ज्ञाने, ज्याचा तेलधंद्याशी काही संबंध नव्हता. त्याने काँक्रीट ओतताना पाहिलं होतं. काँक्रीट प्रवाही राहून नीट बसावं म्हणून आपण त्यात व्हायब्रेटर घालतो ना, तेच तेलात करा! 20 हजार डॉलर मिळाले त्याला. मी सिव्हिलवाला. आयुष्यभर साइटवर व्हायब्रेटरची घरघर ऐकली, पण असं काही माझ्या डोक्यात स्वप्नातही आलं नसतं. त्या प्रश्नाला बाहेरचाच माणूस हवा होता.

पुतण्याचा चेहरा जरा उजळला. दादा दारातून म्हणाला, "आणि बाकीच्या 699 जणांना काय मिळालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच, ज्यांचं डिझाइन निवडलं गेलं नाही त्यांच्या रात्री कोण मोजतं? आपण दिलेल्या कल्पनेवर नंतर हक्क कोणाचा, हे नियमांत बारीक अक्षरात असतं आणि पोरं ते वाचत नाहीत. दादा अडाणी नाही, त्याचा हिशोब बरोबर होता.

रात्री झोप येईना, आणि मला माझा बंधारा आठवला.

ही गोष्ट मी घरातही फारशी सांगितलेली नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी, नोकरीला नवा होतो. जिल्ह्यातल्याच एका गावात ओढ्यावर छोट्या बंधाऱ्याचं डिझाइन केलं. पाणलोट किती, पूर किती येईल, सांडवा किती लांब, सगळं सूत्राप्रमाणे. आखणीच्या दिवशी एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. म्हणाली, "सायब, मोठ्या पुराला वढा हितनं जातो," आणि डाव्या काठापलीकडची खोलगट जागा दाखवली. मी नकाशा पाहिला. नकाशात तसं काही नव्हतं. "बरं बरं आजी" म्हणालो आणि चुना टाकायला सांगितला.

तिसऱ्या पावसाळ्यात ओढ्याने बंधाऱ्याला बगल दिली. बंधारा जागच्या जागी, एक तडा नाही. ओढा मात्र डावीकडून, ती म्हणाली तिथूनच गेला आणि जाताना तिचंच अर्धा एकर रान घेऊन गेला. पाहणीला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी सांगितलं व्हतं, तवा तुमी लिहून घेतलं न्हाई."

लिहून घेतलं नाही. बास, एवढंच.

गंमत म्हणजे हे लिहून घेण्याचं शास्त्र आमच्याच जिल्ह्यात तयार झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. स्वित्झर्लंडमधून आलेले फादर हर्मन बाखर नगरला सोशल सेंटर चालवत. पुढे 1993 मध्ये त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासोबत 'वॉटर' ही पाणलोटाची संस्था काढली. त्यांच्या कामात 'नेट प्लॅनिंग' म्हणून एक पद्धत आहे. तंत्रज्ञ एकेका गट नंबरात जातो. शेतात नवरा-बायको दोघांनीही हजर राहायचं. उतार किती, माती कसली, पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं, हे त्यांच्याकडून ऐकायचं, आपलं शास्त्र त्यांना सांगायचं, आणि बांध कुठे, चर कुठे, झाडं कुठे हे तिथेच ठरवून कागदावर उतरवायचं. असं माथ्यापासून पायथ्यापर्यंत सगळं गाव. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला नंतर गेलो होतो, तेव्हा हे समजून घेतलं. त्या दिवशी परतताना गाडीत फार बोललो नाही.

हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंदही मला याच जातीचा वाटतो. पाऊस किती पडला ते मोजायचं, आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची ते गावाने बसून ठरवायचं. तीसुद्धा गर्दीच, फक्त उत्तर चुकलं तर ते भोगायला जागेवर राहणारी गर्दी.

मग अंधारात पडल्या पडल्या एक विचार आला. समजा, माझा बंधारा तेव्हा मी साऱ्या जगापुढे मांडला असता. सातशे इंजिनियरांनी माझ्यापेक्षा सुबक, स्वस्त, मजबूत बंधारे दिले असते. आणि ओढ्याने त्या सातशेंनाही डावीकडून बगल दिली असती! कारण उत्तर चुकलेलं नव्हतं, प्रश्नच अर्धा होता. ब्रॅकेटचं तसं नाही. बोल्ट कुठे, भार किती, सगळं ठरलेलं, म्हणून तो इंडोनेशियात बसूनही सुटतो आणि पारनेरात बसूनही. ओढ्याचा प्रश्न आधी ओढ्याकाठी पुरा लिहावा लागतो.

सकाळी पुतण्याला म्हटलं, "चल, चाळीत जाऊ." त्याला सांगितलं, 2022 मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'ग्रँड ओनियन चॅलेंज' म्हणून खुली स्पर्धाच लावली होती. कांदा साठवणीसाठी विद्यार्थी, शास्त्रज्ञ, स्टार्टअप, सगळ्यांकडून कल्पना मागवल्या होत्या. म्हणजे दादाचा कांदा हासुद्धा 'ब्रॅकेट'च आहे रे बाबा.

तो लगेच सुरू झाला. खालून हवा किती लागते, थर किती उंच हवा, पंखा बसवला तर, सेन्सर लावला तर... मी म्हटलं, थांब, आधी आईला विचार.

वहिनी कांदा निवडत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "भाऊजी, चाळीचं काय घेऊन बसलात? दाऱ्याच्या तोंडाशी जो कांदा असतो ना, तो आधी सडतो. पाणी जास्त पितो, मान जाड राहते, वाळत नाही. मी काढतानाच सांगते, तो वेगळा ठेवा. पण भरायच्या घाईत कोण ऐकतं?"

दादाने दुसरीकडे पाहिलं :)

म्हणजे निदान आमच्या चाळीतला प्रश्न थोडासा चाळीतला आणि थोडासा शेतातला निघाला. त्या सरकारी स्पर्धेतही काढणीच्या आधीचा टप्पा वेगळा विषय म्हणून का ठेवला होता, ते मला वहिनींच्या त्या चार वाक्यांत कळलं.

पुतण्याने खिशातून मोबाइल काढला, मग परत ठेवला आणि आतून वही आणली. आईसमोर पाटावर बसला. "आई, परत सांग. सावकाश."

तो लिहून घेत होता. मला जे जमलं नव्हतं, ते.

त्याचे अडीच महिने वाया गेले का? मला नाही वाटत. भार कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहायची नजर त्याला तिथेच मिळाली. पण मोबदल्याबद्दलचा दादाचा सवाल अजून तसाच आहे आणि तो उडवून लावायची माझी हिंमत नाही. पुढच्या हंगामात दाऱ्याच्या तोंडाचा कांदा वेगळ्या खणात भरायचा, दर आठवड्याला वजन करायचं, एवढं ठरलंय. आकडे आले की मग खुशाल जगाला विचारू.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे कांदा कसा टिकवतात? आणि अशी एखादी आजी तुम्हाला भेटली होती का, जिचं तुम्ही लिहून घेतलं नाही?