सातवर सगळं ओके!

पुण्याला समुद्र नाही, ही तक्रार मी माझ्यापुरती मिटवलीय. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, हॉलच्या कोपऱ्यात, माझा दोनशे लिटरचा समुद्र आहे. आरओचं पाणी, त्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम खास टाकीसाठीचं मीठ, आणि पोहायला बाजीराव-मस्तानी. म्हणजे क्लाउनफिशची जोडी हो! खरे प्रवाळ नाहीत. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, त्यामुळे ती हौस टीव्हीवरच भागवायची.

टाकीत पीएच मीटरचा प्रोब लटकतो. टोकाला पातळ काचेचा फुगा असलेली, पेनाएवढी कांडी. समुद्री टाकीत पीएच साधारण ८.१ ते ८.४ असावा लागतो. घरी आलं की आधी आकडा बघायचा, मग मासे. इथेच माझी गाडी चुकली.

मार्चमध्ये आकडा घसरायला लागला. ८.२, ८.०, ७.८... मी शहाणी! प्रोब पीएच ७ च्या बफरमध्ये बुडवून पाहिला. बरोब्बर ७.००. म्हणजे मीटर ओके, पाणीच बिघडलंय. रोज थोडा सोडा अ‍ॅश टाकत गेले. चौथ्या दिवशी मीटरवर ८.१. मी खूश! मासे मात्र वर येऊन धापा टाकत होते. मला ते दिसत होतं, पण आकडा छान होता ना. पाचव्या सकाळी मस्तानी तळाशी आडवी पडलेली.

प्रोब घेऊन अ‍ॅक्वेरियमवाल्या काकांकडे गेले. त्यांनी अस्सल पुणेरी आवाजात विचारलं, "अहो मॅडम, सात सोडून दुसरं काही विचारलंत का त्याला?" मग १० च्या बफरचं नवं पाकीट फोडून प्रोब बुडवला. मीटर म्हणाला, ८.८!

भानगड अशी, की प्रोब म्हातारा झाला की त्याचे सगळे आकडे सातकडे ओढले जातात. सातवर तो कधीकधी हुशार विद्यार्थ्यासारखं अचूक उत्तर देतो, पण सातपासून जितकं लांब जाल तितकी थाप मोठी. माझं ७.८ खरं तर ८.३ होतं. पाणी ठणठणीत होतं! नवा प्रोब ७ आणि १०, दोन्हीवर कॅलिब्रेट करून टाकीत सोडला, तर आकडा ८.८. पीएच इतका चढला की पाण्यातलं बरंचसं अमोनियम विषारी अमोनिया होऊन बसतं. औषध म्हणून मीच विष घातलं होतं.

बातमी एका सोर्सवर छापायची नाही, हे मास कॉमच्या पहिल्याच सेमिस्टरला शिकलेय. टाकीपाशी मात्र विसरले.

आता महिन्यातून एक रविवार कॅलिब्रेशनचा. प्रोब डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा, टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. आधी ७, मग १०. दहाचं बफर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून उतरतं, म्हणून पाकीट दरवेळी नवं. प्रोब काढून ठेवायचा तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात, डिस्टिल्ड वॉटरमध्ये कधीच नाही. वायरवर खरेदीची तारीख चिकटवलीय. दीड-दोन वर्षांत त्याला निरोप, हळवं व्हायचं नाही. आणि आकडा बघण्याआधी मासे बघायचे.

पाणी थोडंथोडं बदलत पीएच ८.३ वर आणला. बाजीराव वाचला. क्लाउनफिशमध्ये मादी गेली की तिचा जोडीदार नर काही काळाने स्वतःच मादी होतो.

नाव बदलायची वेळ येईल बहुतेक. पण 'मस्तानी' म्हणायला अजून जीभ रेटत नाही.