पाय आखडून बस

‘पावणेदोन’ हा शब्द माझ्याच तोंडून निघाला. लेक गप्प होती, जावई ट्रॉलीवरची बॅग सरळ करत होते आणि नात माझ्या खांद्यावर झोपली होती. नागपूरच्या विमानाच्या काउंटरवरच्या मुलाने तिच्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि बोर्डिंग पास पुढे सरकवले. जन्माचा दाखला माझ्या पर्समध्ये होता. तो त्याने मागितला नाही. त्या दाखल्याप्रमाणे तिला दोन वर्षं आणि अकरा दिवस झाले होते.

पावकी-निमकी पाठ केलेली माणसं खोटंसुद्धा हिशेबात बोलतात. ‘दोनच्या आत आहे’ म्हटलं असतं तर त्याला शंका आली असती. पावणेदोन म्हटलं की आकड्याला कसं माप घेतल्यासारखं वजन येतं. पण मला छळतंय ते हे नाही. मला छळतंय ते, तो शब्द उच्चारताना मी नातीचे लोंबणारे पाय शालीत गुंडाळले, ते. कोणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप गेला.

तो हात माझा नव्हता, आईचा होता. मिरजेहून पुण्याला येताना अर्ध्या तिकिटाची मर्यादा बाराची होती आणि मला तेरावं सरत आलं होतं. त्या दिवशी परकर-पोलकं नाही, जुना फ्रॉक. दोन वेण्या, वर लाल रिबिनी. तिकीट तपासनीस डब्यात शिरला की आई हळूच म्हणायची, “पाय आखडून बस.” चेहरा लहान ठेवता येतो, आवाजही. उंची लपत नाही. अण्णा खिडकीबाहेर बघत राहायचे. ते शाळामास्तर होते. परीक्षेत शेजारच्याच्या पाटीत डोकावणाऱ्या पोराला त्यांनी वर्गाबाहेर उभं केलेलं मी पाहिलं होतं. पुढे ‘हाफ तिकीट’ पाहिला, 1962चा. त्यात किशोर कुमार लहान मुलाचे कपडे घालून अर्ध्या तिकिटात प्रवास करतो. सगळं थिएटर हसत होतं. मीही हसले, पण नकळत पाय खुर्चीखाली घेतले होते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. ही म्हण मी पंचवीस वर्षं फळ्यावर लिहिली. वाक्यात उपयोग करा म्हटलं की पोरं शिवाजी महाराजांवर नाहीतर सचिनवर वाक्य करायची. पायच का, हे एकानेही विचारलं नाही. मीही नाही. डोळे का नाहीत? कपाळ का नाही? आपल्याकडे नशीब तर कपाळावरच असतं.

याचं उत्तर मला, असलंच तर, पुण्यात, आम्ही राहतो त्या खराडीत मिळालं. आमच्या इमारतीच्या मागे आणखी एक इमारत उभी राहते आहे. तिच्यामागेही एक. इथे हे संपतच नाही. तिथे खाली, पत्र्याच्या शेडजवळ, दोन खांबांना जुनी साडी बांधून केलेली झोळी आहे. आई वाळू चाळत असते. झोळीचं कापड बाळाला चारी बाजूंनी लपेटून घेतं. तोंड दिसत नाही, हात दिसत नाहीत. कधीमधी बाहेर येतो तो पाय. लाथ मारली की झोळी हलते आणि वाळू चाळणारीला कळतं की पोर जागं झालं. म्हणजे म्हणीत भविष्य वगैरे काही नसावं. झोळीतून दिसतं तेवढंच म्हणीत आलं असेल. की हा अर्थ मी सोयीने काढते आहे? म्हणींचं तसंच असतं, ओढाल तिकडे येतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ हीसुद्धा पायांचीच आणि तीही तिकिटाला लागू पडते. पण अंथरूण विकणाऱ्याने किती इंचांना किती पैसे घ्यावे, याबद्दल ती काही सांगत नाही.

सोसायटीच्या बाकावर मी हा विषय आडून काढला. या बाकावर संध्याकाळी आम्ही सगळे ड्युटीवरचे आजी-आजोबा असतो. सांगली, जळगाव, एक जोडपं विजयवाड्याचं. मुलं आयटी पार्कात, नातवंडं घसरगुंडीवर. डोक्यावरून विमान गेलं की सगळी पोरं बोट वर करतात, लोहगावच्या हवाई दलाचं लढाऊ गेलं की कानांवर हात ठेवतात. एका आजोबांनी नातवाला पाच वर्षांचा होईपर्यंत ‘लहान मूल असलेल्यांनी आधी यावे’ या रांगेत नेलं. न्यू जर्सीला जाऊन आलेल्या आजींनी विमानातल्या पाळण्याची गोष्ट सांगितली: पुढच्या भिंतीला अडकवतात, त्याला वजनाची मर्यादा असते, आणि पोर त्यात मावलं नाही तर पाय बाहेर लोंबतात. सगळे हसले. माझ्या ‘पावणेदोन’लाही हसले असते म्हणून मी ते सांगितलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा मी नियमाचं मूळ शोधत बसले. दोन वर्षांच्या आत मांडीवर, दोन पुरी झाली की स्वतंत्र सीट. मला वाटलं होतं, हा सगळा पैशाचा मामला. मग वाचलं ते अमेरिकेतल्या सू सिटीचं. 19 जुलै 1989. एक डीसी-10 विमान, आत 296 माणसं, नियंत्रण जवळजवळ गेलेलं. मांडीवरची मुलं चार होती. जॅन ब्राउन या मुख्य हवाई सेविकेने तेव्हाच्या नियमाप्रमाणे आईवडिलांना सांगितलं की मुलांना खाली जमिनीवर ठेवा आणि धरून ठेवा. 112 माणसं गेली. त्या चारांतलं एक मूल गेलं. जॅन ब्राउन वाचल्या आणि पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिल्या: मूल कितीही लहान असो, त्याला स्वतःची सीट आणि पट्टा द्या. वेग एकदम तुटला की अकरा किलोचं पोर कितीतरी पटींनी जड होतं, कोणत्याही आईच्या हातात राहत नाही.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने ही मागणी मान्य केली नाही. 2005 सालीही नाही. त्यांचा हिशेब असा की सीट सक्तीची केली तर खर्च वाढेल, काही कुटुंबं विमान सोडून मोटारीने निघतील आणि रस्त्यावर त्याहून जास्त जीव जातील. हे वाचून मी उठून पाणी प्यायले. म्हणजे मांडीवरची सवलत ही ‘मांडी सुरक्षित आहे’ म्हणून नाहीच. आपल्याकडे आईच्या पट्ट्यात अडकवायचा छोटा पट्टा देतात. तो पट्टा अमेरिकेत चालत नाही. मग त्या काउंटरच्या अकरा दिवस आधीपर्यंत माझी मांडी कशी चालत होती? आणि नियमालाच जर तडजोड मान्य असेल तर माझ्या तडजोडीला नाव काय द्यायचं?

हा युक्तिवाद मला फार आवडला. त्यामुळेच त्याचा संशय आला. काउंटरवर मला सू सिटी ठाऊक नव्हतं. मला तिकिटाचे पैसे ठाऊक होते, तेही लेकीचे, आणि तिने ते वाचवायला सांगितलेले नव्हते. नागपूरला पोचल्यावर ती फक्त म्हणाली, “आई, येताना मी तिची सीट काढतेय. मला नाही जमणार.” मी म्हटलं, “काढ की.” आवाजात थोडा राग होता. कशाचा, ते अजून नीट सांगता येत नाही.

परतीच्या विमानात नातीला खिडकीची जागा मिळाली. पूर्ण तिकीट, स्वतःचा पट्टा. ती त्या सीटवर जेमतेम दहा मिनिटं बसली. मग तिथे माझी पर्स आणि मेतकूट-भाताचा डबा आला आणि ती माझ्या मांडीवर. पुणं जवळ आलं, पट्टे बांधायची सूचना झाली. आम्ही तिला सीटवर बसवायला गेलो तर तिने असा टाहो फोडला की पुढच्या तीन रांगा वळून बघायला लागल्या. लेक म्हणाली, “राहू दे आई, पाचच मिनिटं.” जाताना छोटा पट्टा तरी होता. आता तिची सीट होती, म्हणून तो कोणी दिला नव्हता. मी तिला छातीशी घेतलं आणि वरून शाल ओढली.

हवाई सेविका शेवटची फेरी मारत आली. वीस-बावीसची मुलगी असेल. आमच्या रांगेपाशी थांबली. रिकाम्या सीटवरच्या पर्सकडे पाहिलं, मग शालीखालून बाहेर आलेल्या दोन मोज्यांकडे, मग माझ्याकडे. मी पाय आत घेतले नाहीत. खाली खराडीचे दिवे वेगाने वर येत होते. ती काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात विमान जरा हललं, आणि ती घाईने जाऊन तिच्या सीटवर बसली. पट्टा लावताना ती अजून आमच्याकडेच बघत होती.